महादेवरावांचा जुना प्रोग्रॅम

गिरडकरांच्या घरात कुठलीही जुनी वस्तू कधी मरत नसे. गॅस आला तरी स्टोव्ह राहिला. स्टोव्ह बिघडला तर काय, म्हणून शेगडी राहिली. आणि शेगडीचंही काही खरं नाही, म्हणून मागच्या अंगणात तीन विटांची चूल राहिली. (त्या घरात स्वयंपाक बंद पडायचा, तर आधी सूर्य विझायला हवा होता.)

त्यामुळे १९८९ च्या मे महिन्यात घराचे नकाशे काढायच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती मुंबईहून आली, तेव्हा महादेवराव जे बोलले, ते ते बोलणारच होते.

"नवीन टाक. पण जुना राहू दे. नवीन रुसला तं?"

"बाबा, प्रोग्रॅम आहे तो. जावई नाही रुसायला!" जया म्हणाली.

जया ही महादेवरावांची एकुलती एक मुलगी. आर्किटेक्चरची पदवी घेऊन घरच्याच ऑफिसात बसायची, आणि तिचं डोकं नागपूरच्या उन्हापेक्षा दोन डिग्री वर असायचं. महादेवराव हे रिटायर्ड ओव्हरसियर. पुढच्या खोलीत नकाशांचं ऑफिस थाटून बसलेले. कॉम्प्युटर त्यांनीच आणला होता, त्याच्यासाठी एसीही त्यांनीच बसवला होता, आणि जुना प्रोग्रॅम त्यांनी पोथीसारखा पाठ केला होता. खोलीबाहेर चपला काढूनच आत यायचं. स्वतः तर ते मशीन सुरू करण्याआधी हात धुवायचे.

जुन्या प्रोग्रॅममध्ये भिंत काढली की तिचं माप हातानं टाइप करावं लागे. खिडकी काढली, टाइप करा. संडास काढला, टाइप करा. नव्यात मापं आपोआप पडत होती. जयाला उरलेलं आयुष्य मापं टाइप करण्यात घालवायचं नव्हतं.

"मशीनमध्ये एकच राहील बाबा. नवा."

"असं? मंग लाव शर्यत." महादेवरावांनी चष्मा पुसला. "वाडीच्या रुपरावचा बंगला आहे. तू नवीनवर काढ, मी जुन्यावर काढतो. त्याले ज्याचा नकाशा पसंत पडला तो प्रोग्रॅम राहील. दुसरा पुसून टाकायचा."

"शब्द?"

"शब्द म्हणजे शब्द."

जया एवढी खूश झाली की शर्यतीला दोन घोडे लागतात हे ती विसरली. मशीनच्या पोटात दोन प्रोग्रॅमना पुरेल एवढी जागाच नव्हती. महादेवरावांनी काढलेला प्रत्येक नकाशा तिथे ठाण मांडून बसला होता, पाडून टाकलेल्या गोदामांचासुद्धा. त्यातला एकही पुसायची त्यांची तयारी नव्हती. ("गोदाम पुन्हा बांधलं तं?")

मग जयाने एक छोटासा निर्णय घेतला. तिने जुना पुसून टाकला.

आता महादेवराव सकाळी हात धुऊन येणार आणि 'जुना' असं टाइप करणार. म्हणून तिने सोय करून ठेवली: 'जुना' टाइप करा नाहीतर 'नवा', उघडणार नवाच. दारं दोन, आत खोली एक. हे न्यायाचं होतं का? मुळीच नव्हतं. पण न्यायाला पोटात जागा लागते, आणि ती शिल्लक नव्हती.

दुसऱ्या दिवशी खोलीतून हाक आली.

"जये! ही पडद्यावर वरच्या अंगाले पट्टी काहून दिसून राहिली वं?"

जया धावत गेली. "ती होतीच बाबा. तुम्ही कधी वर पाहिलं नाही."

"हो का?" महादेवरावांनी विचार केला. "खरं आहे. मी खाली पाहून टाइप करतो नं."

थोड्या वेळाने पुन्हा हाक.

"अवं, हा तं आपोआप मापं लिहून राहिला!"

जयाच्या जिभेने दगा दिला नाही. "जुना आहे नं बाबा. सवय झाली त्याला तुमच्या हाताची."

महादेवरावांचे डोळे भरून आले. "पाहा. याले म्हणते जीव लावणं. तुह्या नव्याले येते का असं?"

हे ऐकायला खोलीत माणसं होती. मे महिन्यात गिरडकरांचा कॉम्प्युटर पाहायला सगळा मोहल्ला यायचा, आणि तो पाहायला फार वेळ लागायचा. जयाची आई गोपिकाबाई तिथे बसून कैऱ्या चिरायच्या. शेजारच्या शोभाताई गहू निवडायला आणायच्या.

जयाची पाळी आली की खरी करमणूक सुरू व्हायची. साधा नकाशा तर कोणीही काढेल. तिने बंगला तिन्ही बाजूंनी दिसेल असा उभा करायचं ठरवलं. मशीनला ते झेपत नव्हतं. एक रेघ यायची, मशीन विचारात पडायचं, मग दुसरी यायची.

"तुहा नवीन दमून राहिला काय वं?" शोभाताईंनी विचारलं.

"काकू, तो त्रिमिती चित्र काढून राहिला. त्याला वेळ लागतो."

"भाऊजींचा जुना तं सपासप काढते."

"त्याच्यात फरक आहे."

"तेच म्हणून राहिली मी. फरक आहे."

जयाने दात आवळले. दोन्ही वेळा तोच प्रोग्रॅम होता, तेच मशीन होतं, आणि हे जगात फक्त तिलाच माहीत होतं.

"आज खापरखेड्याहून वीज मस्त येऊन राहिली," महादेवराव म्हणाले, "पण जुन्यालेच मानवून राहिली."

ठरल्या दिवशी रुपराव आले. वाडीला त्यांचं ट्रकांचं मोठं काम. बरोबर त्यांच्या आई प्रयागबाई होत्या, आणि घर कोण पसंत करणार हे त्या एसीसमोरच्या खुर्चीत ज्या रीतीने बसल्या त्यावरूनच कळत होतं.

जयाने आधी आपला कागद पुढे केला. उभा बंगला, गच्ची, कमान, सगळं. प्रयागबाईंनी तो उलटा धरला, मग सुलटा.

"हे घर वाकडं काहून हाय?"

"वाकडं नाही आजी. कोपऱ्यातून पाहिलं तर असं दिसतं."

"मी कोपऱ्यात काहून उभी राहू? घर माहं हाय."

रुपराव खोकले. "जयाताई, चित्र झक्कास आहे. पण माय म्हणते ते..."

महादेवरावांनी आपला कागद पसरला. सरळ खोल्या, प्रत्येक भिंतीला माप, आणि समोर फाटकाकडे तोंड करून एक लांब ओसरी.

"इथं तुम्ही पापड वाळवत बसा, प्रयागबाई. कोणता ट्रक आला, कोणता गेला, बसल्या जागी दिसंल."

"अरे बाप्पा!" प्रयागबाई उठून उभ्या राहिल्या. "रुपराव, हेच घर!"

"एक माप चुकलं नाही," रुपराव बोटाने भिंती मोजत म्हणाले. "कशावर काढला, महादेवरावजी?"

"आपला जुना!"

पाहुणे पेढे ठेवून गेले, आणि महादेवराव जयाकडे वळले.

"आता पूस."

"काय?"

"नवीन. ठरलं होतं नं?"

जया मशीनसमोर बसली. नवा पुसला तर मशीनमध्ये एकही प्रोग्रॅम उरत नाही. खरं सांगितलं तर बाबांचा जीव लावलेला जुना गेले कित्येक दिवस मेलेला आहे, हेही सांगावं लागणार. आणि तो कोणी मारला, हेही.

"असू द्या नं, बाबा," ती बारीक आवाजात म्हणाली. "पडून राहील. कधी कामात येईल."

गोपिकाबाईंच्या हातातली कैरी थांबली.

"माय वं," त्या म्हणाल्या, "आता शोभली गिरडकरांची पोरगी!"

"नाही," महादेवराव म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द."

मग जयाने सगळ्यांच्या देखत 'नवा' हे नाव पुसलं. नुसतं नाव. एक दार पाडलं, खोली जागच्या जागी. शोभाताई "बिचारा!" म्हणाल्या. महादेवरावांनी लगेच हात धुतले, 'जुना' उघडला आणि सपकन एक भिंत ओढली.

"पाहा! नवीन गेला तं कसा मोकळा होऊन पळून राहिला!"

त्यानंतर मुंबईहून आणखी एक आवृत्ती आली. जयाने ती गुपचूप आत घातली आणि सांगितलं, "बाबा, जुन्याची सफाई केली." महादेवरावांनी तिची पाठ थोपटली. सफाईपुरती पोरगी कामाची आहे, हे त्यांनी मान्य केलं.

परवा शोभाताई आपल्या प्रेमिलाला घेऊन आल्या. पोरीला नकाशे शिकायचे होते, जयाकडे पाठवू का, असं त्यांनी विचारलं. जया शेजारच्याच खुर्चीत होती, तरी महादेवरावांनी आवाज खाली आणला.

"माझ्याजवळच पाठवा, शोभाताई. आमची जया शिकलेली आहे, डिग्री आहे, सगळं आहे. पण कॉम्प्युटरमधलं तिले तेवढं समजत नाही."