अण्णा आणि मैनेची पट्टी

आमच्या कॉलनीत अण्णांचं घर शोधायला पत्ता लागत नाही. ज्या फाटकाच्या पायाला पांढरी पट्टी बांधलेली दिसेल, ते त्यांचं. फाटकच काय, खुर्चीचा मोडका पाय, स्कूटरचं हँडल, झाडूचा दांडा, सगळ्यांना एकाच पद्धतीची पट्टी. आत कापसाची जाड गादी, वर कापडाचे तिरके वेढे, बाहेरच्या अंगाला गाठ. घोड्याला बांधतात तशी. एकदा माझा नळ गळत होता, तर प्लंबरच्या आधी अण्णा येऊन बांधून गेले. तेव्हापासून नळ थोडा लंगडतो, पण गळत नाही.

जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांमध्ये मिरच्या लावतात, अण्णा जखमा शोधत फिरायला लागले. माणूस भेटला की आधी गुडघे बघणार, मग तोंड. “हा टाका कुणी घातला रे? शिंप्यानं?” एका लग्नात नवरदेवाच्या भुवईवरचा व्रण निरखत ते इतका वेळ उभे राहिले, की भटजींनी मंगलाष्टकं दोनदा म्हणून वेळ मारून नेली. पट्टीबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता. “पट्टी पावण्यासारखी पायजे. बसली पायजे, रुतली नाय पायजे.” आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींवर एकच शेरा, “अजून कच्चं हाय!” चहा कच्चा, पपई कच्ची, समोरच्या इमारतीचा स्लॅब कच्चा, कुणाचं ठरत आलेलं लग्नही कच्चं.

मी बँडवाला. ट्रंपेट फुंकायचा धंदा, त्यामुळे थोडं फुगवून सांगायची सवय आहे. पण मैनेचं जे सांगतोय त्यात हवा भरलेली नाही.

मैना ही युसूफभाईंची वरातीची घोडी. पांढरीशुभ्र, आणि ठेक्याची इतकी पक्की की आमचा ढोलवाला चुकला तर ती मान वळवून त्याच्याकडे बघायची. एका वरातीत डीजेचा दणका बसला, मैना बिचकली, आणि टेंपोच्या पत्र्यानं तिच्या मागच्या पायाची नडगी उभी चिरली. डॉक्टर मॅडम आल्या. वर टाके घातले, खालचा भाग पू वाहून जावा म्हणून उघडा ठेवला. युसूफभाईंच्या तबेल्यात दाटीवाटी फार. अण्णा म्हणाले, “माझ्या अंगणात बांधा. पट्टी मी बघतो.”

त्या अंगणात दूधवाल्याशिवाय कुणी पाऊल टाकल्याचं कॉलनीला आठवत नव्हतं. आता तिथं संसार थाटला. रोज सकाळी कोमट मिठाच्या पाण्यानं जखम धुवायची, मग नवी पट्टी, मग अण्णांचा चहा आणि मैनेचा भुसा एकत्र, मग पेपरवाचन. पिंपळगावचे कांद्याचे भाव अण्णा मोठ्यानं वाचायचे. भाव पडलेला ऐकला की मैना फुरफुरायची. “बघ, हिला कळतं,” अण्णा म्हणायचे, “सरकारला नाय कळत.”

जखम अशी भरत गेली की अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून आत न्यायचे. “बघ, मांस कसं, डाळिंबाच्या दाण्यावानी!” घोड्याच्या पायाला एक खोड असते. मांस फाजील वाढतं, कातडीच्या वर येतं, मग कडेची कातडी पुढे सरकूच शकत नाही. मॅडमनी ते वाढीव मांस कापून काढलं तेव्हा मैना शांत उभी होती आणि अण्णा भिंतीकडे तोंड करून. त्यानंतर कडेनं गुलाबी कातडी रोज थोडी थोडी आत सरकू लागली.

आणि तिथून अण्णांचा पेपरवाचनाचा आवाज बारीक झाला.

मॅडम म्हणाल्या, “अण्णा, झाली की बरी! आता पट्टी काढा, हवा लागू द्या. रोज थोडी थोडी फिरवा हिला.”

“व्हय मॅडम,” अण्णा म्हणाले. मॅडमची स्कूटी कोपऱ्यावरून वळली, की अण्णांनी कापसाचा गठ्ठा पुन्हा काढला. मी कुंपणावरून पाहत होतो. म्हटलं, “अण्णा?”

“अजून कच्ची हाय.”

लगीनसराई जवळ आली. युसूफभाई चकरा मारायला लागले. “अण्णा, दसरा गेला, दिवाळी गेली. आमची मैना कधी देता?”

“घोडी म्हणजे काय इस्त्रीचे कपडे हायत का, टाकले न् नेले? कच्ची हाय अजून.”

युसूफभाई बिचारे पट्टी बघायचे आणि परत जायचे. पट्टीच्या आत काय आहे ते एकट्या अण्णांना ठाऊक. पाय बांधलेला, मैना खुंट्याला उभी, समोर अण्णा पेपर घेऊन. दोघंही मजेत.

शेवटी युसूफभाई मॅडमना घेऊनच आले. मॅडमनी स्वतः पट्टी सोडली. खाली जखम नव्हतीच. लखलखीत, मिटलेली कातडी, व्रणाची रेघ इतकी सरळ की अण्णांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम असावं. युसूफभाईंनी हसत दोर सोडला आणि मैनेला पुढे ओढलं. तीन पाय चालले. चौथा वाकेचना. काठी ओढावी तसा तो मागून फरफटत आला.

मॅडमनी सांधा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, आणि हळूच म्हणाल्या, “अण्णा, जखम तुम्ही बरी केलीत. पाय मात्र बांधून ठेवलात.”

अण्णांनी एरवी यावर एक तास वाद घातला असता. ते फक्त हातातल्या सुटलेल्या पट्टीची गुंडाळी करत राहिले. युसूफभाई रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मैनेच्या मानेवर हात फिरवला आणि दोर अण्णांच्या हातात दिला. “ठेवा अण्णा. वरातीत तर आता ही चालणार नाही. तुमच्याकडे खूश आहे.”

कॉलनीतले लोक म्हणाले, “वा अण्णा, घोडी तुमचीच झाली!”

आता ते रोज तिला गोदाकाठी फिरवायला नेतात. चार पावलं, थांबा. चार पावलं, थांबा. मॅडम म्हणतात, थोडं सुटेल, सगळं नाही.

परवा आमची वरात त्याच रस्त्यानं चालली होती. नवरदेव उघड्या जीपमध्ये. पुढे कडेला अण्णा आणि मैना. आमचा ढोल ऐकला आणि तिचे कान ताठ झाले. मान डौलात आली. एक पाय उचलला, दुसरा उचलला, तिसरा. मग चौथ्याला सगळी कोलमडली. मी हातानं खूण करून बँड थांबवला.

अण्णा ओरडले, “बंद कशाला केलं?”

“अण्णा, अहो ती...”

“ठेका धरतीय ती. पाय मी घेतला तिचा, हे तरी नको घ्यायला. वाजव.”

मी ट्रंपेट तोंडाला लावला. मैनेनं पुन्हा पाय उचलले. अण्णांनी त्या बाजूनं तिच्या पुठ्ठ्याला खांदा दिला होता. दर चौथ्या ठेक्याला सगळी घोडी त्यांच्या अंगावर कलायची, आणि अण्णा पाय रोवून तेवढा ठेका उभे राहायचे.