सहायक प्रशिक्षकाच्या बढतीसंबंधी काही निरीक्षणे

रिकामी जागा निसर्गाला मानवत नाही असं म्हणतात. संस्थांना मात्र ती चांगली मानवते. एखाद्या जागेवर माणूस बसून काम करत असतानाही ती जागा रिकामी आहे असं समजता येणं, ही प्रगत संस्थेची खूण आहे. आमच्या शहरातला फुटबॉल क्लब या कसोटीवर बराच प्रगत आहे.

क्लबला एक मुख्य प्रशिक्षक असतो आणि एक सहायक. दोघांच्या कामाची विभागणी स्पष्ट आहे. मुख्य प्रशिक्षकाकडे दूरदृष्टी असते आणि बाकीचं सहायकाकडे. बाकीचं म्हणजे सकाळी मैदानावर प्लास्टिकचे शंकू मांडणं आणि दुपारी उचलणं. खेळाडूंचे गुडघे, परीक्षा आणि प्रेमभंग ध्यानात ठेवणं. समोरच्या संघाचा डावा बचावपटू दमला की कुठे उभा राहतो हे शोधून मुख्य प्रशिक्षकाला सांगणं. आणि नंतर तेच मुख्य प्रशिक्षकाच्या तोंडून सगळ्यांबरोबर ऐकताना पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावणं. सामन्यात मुख्य प्रशिक्षक पंचांवर धावून गेला की त्याचा कोट मागून धरणं हेही सहायकाचंच काम. (किती जोराने धरायचा यालाही शास्त्र आहे. फार सैल धरला तर प्रशिक्षक खरोखरच पंचांपर्यंत पोचतो, आणि पोचल्यावर काय करायचं हे त्याने ठरवलेलं नसतं.)

मुख्य प्रशिक्षकाला सगळे ‘बॉस’ म्हणतात. सहायकाला ‘सर’. बॉस सरासरी दीड हंगाम टिकतो. (या सरासरीत तो गृहस्थही धरला आहे, जो स्वागताच्या दिवशीच मैदान पाहून आल्या पावली परत गेला.) सर आहेत तिथेच आहेत.

एक बॉस गेला की दुसरा येईपर्यंत सर हंगामी मुख्य प्रशिक्षक होतात. अशा वेळी त्यांना बॉसची खोली वापरता येते, खुर्ची नाही. हा नियम कुणी लिहिलेला नाही. सर स्वतःच बूट ठेवायच्या खोलीतून एक स्टूल घेऊन येतात आणि टेबलाच्या बाजूला, खुर्चीला पाठ लागणार नाही अशा बेताने बसतात. मागच्या खेपेला गोलरक्षक आत आला, रिकाम्या खुर्चीला म्हणाला, “बॉस, माझ्या रजेचं बघा ना,” आणि मग सरांकडे वळून म्हणाला, “सर, जरा तुम्ही सांगा त्यांना.”

यंदा बॉस गेला तेव्हा संघ तळाला होता आणि खालच्या गटात ढकलला जाण्याच्या बेतात होता. सरांनी संघ हाती घेतला आणि संघ जिंकू लागला. इथे सामान्य माणसाला वाटेल की सरांची शक्यता वाढली. क्लबचे अध्यक्ष सामान्य नाहीत. त्यांचा फरशांचा मोठा व्यवसाय आहे. त्यांनी मांडलेला युक्तिवाद असा: हंगामी प्रशिक्षक हरला तर तो अपात्र, हे उघड आहे. जिंकला, तर त्याचा अर्थ संघ चांगला आहे. संघ चांगला असेल तर कुणीही जिंकला असता. आणि कुणीही जिंकला असता, तर मग यांनाच का घ्यायचं? हा युक्तिवाद मी दोन्ही बाजूंनी तपासून पाहिला आहे. त्यात फट नाही.

खेळाडूंचं सरांवर जिवापाड प्रेम आहे, आणि ही दुसरी अडचण. सरांनी अर्ज केल्याचं कळताच त्यांचं शिष्टमंडळ येऊन भेटलं. पुढे अर्थातच गोलरक्षक.

“सर, अभिनंदन. पण एक शंका आहे.”

“बोल की.”

“तुम्ही बॉस झालात, तर आम्ही बॉसच्या नावाने बोटं मोडायला कुणाकडे यायचं?”

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. “माझ्याकडेच या.”

“तुमच्याबद्दल तुमच्याकडेच? छे! तसं आम्हाला जमणार नाही. तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे.”

घरची परिस्थिती वेगळी होती. सरांची बायको औषधांच्या दुकानात काम करते आणि दुसऱ्यांचं अक्षर लावण्यात तिचं आयुष्य गेल्यामुळे तिला आडून बोललेलं चालत नाही. “हे बघा,” ती म्हणाली, “दर वेळी दुसऱ्याच्या लग्नात वाढप्याचं काम करता तुम्ही. यंदा शेवटचं. नाही झालं, तर माझ्या दादाच्या बुटांच्या दुकानात बसायचं. तिथे निदान गिऱ्हाईक तरी तुमच्यासमोर बसतं.” सरांनी शब्द दिला. सासूबाई आतून म्हणाल्या, “होऊ दे बाई एकदाचं. मी बिल्डिंगमध्ये मागच्या वर्षीच सांगून बसलेय.” म्हणजे एकीकडे फुटबॉल, एकीकडे बुटांचं दुकान, आणि मधे सासूबाईंची अब्रू. सर मुलाखतीला निघाले ते या भांडवलावर.

आता निवड समितीची रचना सांगणं भाग आहे. समितीत अध्यक्ष, खजिनदार आणि सचिवबाई असतात. तिघांपैकी फुटबॉलशी प्रत्यक्ष संबंध फक्त खजिनदारांचा आला आहे. तो त्यांच्या चष्म्यावर येऊन लागला होता. म्हणून समितीत एक तज्ज्ञ असावा असा नियम आहे, आणि पहिल्यापासून हे तज्ज्ञ म्हणजे सर. आजवरचे सगळे बॉस त्यांनीच निवडले आहेत. यंदा ते उमेदवार असल्यामुळे दुसरा तज्ज्ञ नेमावा अशी सूचना सचिवबाईंनी केली. पण नवा तज्ज्ञ खरोखर तज्ज्ञ आहे की नाही हे ठरवायला तज्ज्ञ लागतो, या मुद्द्यावर ती बारगळली.

त्यामुळे त्या दिवशी सर आधी इतर उमेदवारांच्या मुलाखती घ्यायला समितीत बसले. पहिले दोन थोडक्यात आटोपले. तिसरा लांबून आला होता. त्याने खोलीतही गडद चष्मा काढला नाही. तो म्हणाला, “मी फुटबॉल शिकवत नाही. मी भूक शिकवतो.” खजिनदारांनी बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली.

मग सर उठले, बाहेर गेले, व्हरांड्यातल्या बाकावर थोडा वेळ बसले आणि नाव पुकारल्यावर आत आले.

“बसा,” अध्यक्ष म्हणाले, जणू सर दिवसभर तिथे नव्हतेच. “ही जागा तुम्हाला का हवी?”

सरांनी उत्तर दिलं. चांगलं दिलं. संघात कुणाला कुठे खेळवायचं, का, आणि हरत असताना काय बदलायचं, सगळं सांगितलं. सचिवबाई तर लिहायचं विसरून ऐकत राहिल्या.

“छान,” अध्यक्ष म्हणाले. “तज्ज्ञांना काही विचारायचंय?”

सगळ्यांनी तज्ज्ञांच्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती.

“ते बाहेर गेलेत,” सचिवबाई म्हणाल्या. “म्हणजे, आत आलेत.”

“मग प्रश्न विचारायला हवा त्यांनी. उद्या कुणी म्हणेल, घरचा माणूस म्हणून सोडून दिला.”

घरचा माणूस म्हटल्यावर सरांना राहवेना. ते उठले, टेबलाला वळसा घालून पलीकडे बसले, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून त्यांनी विचारलं, “बिकट प्रसंगी स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेतल्याचा अनुभव किती?”

मग ते वळसा घालून अलीकडे आले. बसले. “फारसा नाही,” ते म्हणाले. “मी निर्णय सुचवले. घेतले इतरांनी.”

“प्रश्न मात्र नेमका विचारलात हो,” खजिनदार कौतुकाने म्हणाले. “सगळा उमेदवार उघडा पडला.”

शेवटी गुण द्यायचे होते. समितीच्या प्रथेप्रमाणे बाकीचे तिघे तज्ज्ञांच्या गुणांखाली सही करतात. सरांनी गडद चष्म्याला दहापैकी आठ दिले आणि स्वतःला सात.

“सात?” घरी बायको म्हणाली. “स्वतःला?”

“आपणच आपल्याला जास्त कसे द्यायचे? बरं दिसत नाही.”

“आणि त्याला आठ कशाबद्दल?”

“तो लांबून आला होता गं.”

सासूबाई बाहेर आल्या. “जावईबापू, भीड भिकेची बहीण असते,” त्या म्हणाल्या, आणि बिल्डिंगमध्ये काय सांगायचं याचा विचार करत परत आत गेल्या.

दिलेल्या शब्दाप्रमाणे सर सोमवारी बुटांच्या दुकानात जाणार होते. पण नव्या बॉसला मैदान कोण दाखवणार? म्हणून ते एका दिवसापुरते क्लबमध्ये गेले, केवळ काम सोपवायला. शंकू कुठे असतात, कुणाचा गुडघा दुखतो आणि कुणाचं प्रेम, हे सांगायला एक दिवस पुरला नाही. सर अजून काम सोपवतच आहेत. बुटांच्या दुकानात मेव्हण्याने त्यांच्यासाठी ठेवलेल्या जागेवर आता मेव्हण्याचं मांजर बसतं. (तेही तूर्त हंगामी.)

भूक शिकवणाऱ्या बॉसच्या हाताखाली संघ खरोखरच विजयाला भुकेला राहिला, आणि बॉस गेला. जागा पुन्हा रिकामी आहे. सरांनी पुन्हा अर्ज केला आहे. या वेळी बायको नुसती म्हणाली, “करा,” आणि हे त्यांना जास्त लागलं.

समितीलाही मागच्या प्रकाराचं वाईट वाटत होतं. बैठकीत अध्यक्षांचा आवाज जड झाला. “इतका सज्जन माणूस! बघवत नाही हो.” मग अध्यक्षांनीच पुढचं पाऊल टाकलं. ज्याच्याकडे पाहून आपल्याला वाईट वाटतं, त्याच्याकडे पाहून समोरच्या संघाला भीती कशी वाटेल? बॉस हरतो, शिव्या खातो, हाकलला जातो. पण त्याची कुणाला दया येते का? दया फक्त सहायकाची येते. म्हणजे दया हीच खरी परीक्षा.

त्यानुसार या वेळची पद्धत शास्त्रीय आहे. सरांना स्वतःला गुण देण्याच्या संकटातून मोकळं केलं आहे. त्यांची हकीकत क्लबशी देणंघेणं नसलेल्या, समंजस, वाचनाची आवड असलेल्या लोकांपुढे ठेवायची आणि त्यांना काय वाटतं ते पाहायचं. धाक वाटला तर बॉस, दया वाटली तर सहायक. हकीकत जशी घडली तशी, पदरचं काहीही न घालता, लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. ती तुम्ही आत्ताच वाचलीत.

तुमचा कौल मी विचारत नाही. ‘बिचारे’ हा शब्द तुमच्या मनात साधारण कोणत्या परिच्छेदात आला, एवढंच समितीला कळवायचं आहे.