जंगलात युनियन चालणार नाही

एका जंगलात, बाळांनो, पाणी टेकडी चढायचं. आपल्याकडे ते कागदावर चढतं, तिथे खरोखर चढायचं. खाली डोह, डोहाकाठी पंप, वर टेकडीवर हौद आणि मधे लोखंडी पाइप. डोहात मगरी होत्या, म्हणून उन्हाळ्यात सगळं जंगल त्या हौदावर तहान भागवायचं.

पाणीखात्याचे प्रमुख होते जांबुवंतराव नावाचे अस्वल. स्वभावाने मुळीच वाईट नव्हते. फक्त घाबरट होते, आणि खात्याकडून त्यांना रोज मध मिळायचा.

पंपात गाळ अडकला की साळूबाई यायची. ही साळिंदरीण मोठी फटकळ. पंपाच्या दोन्ही बाजूंना तिने एकेक जोड बसवला होता. जोडाचा मधला मोठा नट पान्याने फिरवला की पाइप जागच्या जागी सुटायचा आणि पंप अलगद बाहेर निघायचा. गाळ काढायचा, पंप परत ठेवायचा, नट आवळायचा. दुपारपर्यंत पाणी चालू.

एकदा वाघमहाराज पाहणीला आले. बरोबर प्रधान तरस. तो महाराजांच्या प्रत्येक वाक्याला हसायचा, म्हणूनच प्रधान झाला होता.

"हे गाठीसारखं काय आहे?" महाराजांनी विचारलं.

"युनियन हाय, म्हाराज," साळूबाई म्हणाली.

महाराजांच्या मिशा ताठ झाल्या. मागच्याच वर्षी माकडांनी युनियन काढून संप केला होता, आणि महाराजांना स्वतःची पाठ स्वतः खाजवावी लागली होती.

"माझ्या राज्यात युनियन?"

"आणि एक नाही, दोन!" तरस हसत म्हणाला.

"अवो, पायपाची हाय ही, या जोडाचं नावच युनियन! दोन तोंडं एकत्र आणती, आन् येळ आली की..."

"दोन तोंडं एकत्र!" महाराज गरजले. "आणि वेळेची वाट बघतायत! जांबुवंतराव, हे खरं?"

जांबुवंतरावांना सगळं ठाऊक होतं. 'महाराज, हा नुसता पाइपाचा जोड आहे,' एवढं वाक्य अगदी जिभेवर आलं. पण जिभेवर सकाळच्या मधाची चवही होती.

"आजच काढून टाकतो, महाराज," ते म्हणाले.

दोन्ही युनियन निघाल्या. पाइप पंपाला वेल्डिंग करून पक्का चिकटवला. तरसाने वर फलक लावला : 'अखंड पाइप, अखंड राज्य.'

"आता गाळ अडकला तर पंप कसा काढणार, रावसाहेब?" साळूबाईने विचारलं.

"अडकणार नाही. तसा आदेश निघालाय."

गाळाने आदेश वाचला नव्हता. भर वैशाखात पंप बंद पडला.

जांबुवंतरावांनी पाइपाला मिठी मारून तो पिळून पाहिला. तो तसूभर हलेना. पाइप कापायचा, तर फलकावर 'अखंड' लिहिलेलं. ते घाम पुसत हौदापाशी गेले. तिथे एक हरिणी उभी होती. तिचं पाडस हौदाचा कोरडा तळ चाटत होतं.

"साहेब, पाणी कधी येईल?"

"काम युद्धपातळीवर सुरू आहे," जांबुवंतराव तिच्याकडे न बघता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हरिणी एकटीच आली.

त्या दिवशी जांबुवंतरावांना मध गोड लागला नाही. ते तडक साळूबाईच्या बिळाशी गेले. "बाई, चुकलं माझं. काय करू?"

"कापा तो पाइप, आन् बसवा युनियन पहिल्यागत."

"आणि महाराज?"

याचं उत्तर जांबुवंतरावांनाच सुचलं. इतकी वर्षं खात्यात काढली होती ती काही उगाच नाही.

पाइप कापला, गाळ निघाला, तेच जोड पुन्हा आले. जांबुवंतराव दरबारात जाऊन म्हणाले, "महाराज, आम्ही एक नवीन वस्तू तयार केली आहे. तिचं नाव 'राजमीलन'. डोह आणि हौद आपल्या कृपेने तिथे एक होतात."

महाराज गहिवरले. ताबडतोब सोहळा ठरला. महाराजांनी स्वतः पाना धरला आणि दोन्ही नट सगळी ताकद लावून आवळले. टाळ्या झाल्या. पाणी चढलं. जांबुवंतरावांना 'जलभूषण' पदवी मिळाली आणि मध दुप्पट झाला. तो पुन्हा गोडही लागू लागला.

महिनाभरात पंपात परत गाळ अडकला. साळूबाई पाना घेऊन धावत आली. पाहते तर जांबुवंतराव पंपासमोर हात पसरून उभे.

"खबरदार! हे नट महाराजांनी स्वतःच्या हाताने आवळलेत. ते सैल करणं म्हणजे राजद्रोह!"

"अवो, सुटावेत म्हणूनच तर बसवलेत! तुम्हाला ठावं हाय की!"

"ते ठाऊक असणारा जांबुवंतराव वेगळा, बाई. मी जलभूषण आहे."

वर हौदाशी रांग लागली होती. जांबुवंतरावांनी तिकडे पाठ फिरवली आणि तरसाला सांगून नवीन फलक मागवला.

तात्पर्य : एकी हेच बळ. मात्र एकीचा नट महाराजांनी आवळलेला असेल, तर तहान लागल्यावर पाना शोधू नये, टाळ्या वाजवाव्यात.