फोरमनसाहेबांनी शोधलेला बिघाड

"मला शिकवण्यासारखं त्या गिटारच्या शिबिरात काही उरलंय का, एवढंच बघायला जातोय," असं फोरमनसाहेबांनी घरी जाहीर केलं, तेव्हा बायको भाजी निवडत होती आणि मुलगी मोबाइलमध्ये होती. दोघींपैकी कुणीही मान वर केली नाही.

साहेब गेली तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते आणि गेली दोन वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवत होते. लिफ्टच्या बाबतीत लोक त्यांना मानत. गिटारच्या बाबतीत ते स्वतःच स्वतःला मानत. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी घेतलाच नाही. तळहाताएवढी एक डबी होती. तिच्यात गिटारची वायर खुपसायची, कानाला हेडफोन लावायचे, डबीतलं गाणं सुरू करायचं आणि त्याच्यासोबत वाजवायचं, रोज संध्याकाळी तासभर. असं झकास वाजायचं, की साहेबांना स्वतःच्याच बोटांचा हेवा वाटे.

मुलगी कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवायची. बँडचा गिटारवाला दुसऱ्या शहरात निघून गेला, तेव्हा साहेबांनी लगेच स्वतःचं नाव पुढे केलं. लेक हल्ली घरात दोन शब्दांच्या वर बोलत नसे. तिच्या शेजारी उभं राहून एक तरी गाणं वाजवावं, एवढी एकच हौस आता त्यांना उरली होती.

"आधी शिबिर करा बाबा, मग बघू," ती म्हणाली आणि पाच दिवसांच्या उन्हाळी शिबिराचा फॉर्म तिने स्वतःच भरून टाकला.

शिबिर एका शाळेत होतं. सुट्टीमुळे वर्ग रिकामा, बाकं भिंतीला सरकवलेली, मधे अ‍ॅम्प्लिफायर मांडलेले. शिकवणाऱ्या बाई साहेबांच्या निम्म्या वयाच्या. शिकणारे दहा, त्यांत एक दंतवैद्य आणि एक निळ्या नखांची मुलगी.

"प्रत्येकाने थोडं वाजवून दाखवा, म्हणजे कोण कुठवर आलंय ते कळेल," बाई म्हणाल्या. साहेबांनी पहिला नंबर लावला. वायर जोडली, डोळे मिटले आणि वाजवलं.

लोखंडी खुर्ची फरशीवरून ओढावी तसा आवाज झाला. साहेबांनी डोळे उघडून अ‍ॅम्प्लिफायरकडे दयेने पाहिलं.

"मॅडम, तुमचं यंत्र बिघडलंय."

बाईंनी भिडेखातर दुसरा अ‍ॅम्प्लिफायर दिला. खुर्ची पुन्हा ओढली गेली. दंतवैद्य "नाचता येईना" एवढंच पुटपुटले आणि पुढचं अंगण त्यांनी गिळून टाकलं.

"हे बघा," खिशातून स्क्रूड्रायव्हर आणि कागद काढत साहेब म्हणाले, "लिफ्ट बंद पडली की आम्ही अंदाज बांधत बसत नाही. वीज जिथून येते तिथून निघायचं. एकेक जागा तपासायची, बरी निघाली की खूण करायची. शेवटी जी उरते, बिघाड तिथेच. तीस वर्षांत ही पद्धत एकदाही चुकलेली नाही."

कुतूहलाची लागण फार लवकर होते. पाच मिनिटांत सगळा वर्ग गिटारी बाजूला ठेवून साहेबांभोवती गोळा झाला, बाईंसकट. वायर बदलली. अ‍ॅम्प्लिफायरची पाठ उघडली, तेव्हा दाढा बघायचा आरसा घालून दंतवैद्यांनी आतले कोपरे दाखवले. सॉकेट बदललं. मग साहेबांचा संशय थेट व्हरांड्यातल्या स्विचबोर्डावर गेला आणि त्यांनी फ्यूज उपसला. वरच्या मजल्यावर शिवणवर्ग चालतो, हे त्यांना कोण सांगणार! बारा मशिनं एकदम थांबली आणि गळ्यात टेप अडकवलेल्या बारा जणी तरातरा खाली आल्या. एकीच्या हातात एकाच बाहीचा झगा होता.

"वीज कुणी घालवली?" तिने विचारलं.

"बिघाड शोधतोय."

"कसला बिघाड?"

साहेबांनी फ्यूज परत बसवला आणि वाजवून दाखवलं. बारा जणी रागावायचं विसरल्या. "खरंच काहीतरी मोडलंय हो," असं म्हणत त्या बाकांवर बसूनच राहिल्या.

आता उरली गिटार. साहेबांनी ती निळ्या नखांच्या मुलीकडे दिली. तिने अशी वाजवली की शिवणवर्गाने टाळ्या दिल्या. मग तिची गिटार साहेबांनी घेतली आणि टाळ्या थांबल्या.

साहेबांनी कागद पाहिला. फ्यूज बरा, सॉकेट बरं, वायर बरी, दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर बरे, गिटार बरी. खूण करायची एकच जागा राहिली होती, आणि ती खुर्चीत बसून कागद वाचत होती. पद्धत त्यांचीच, तेव्हा तिला खोटी कसं म्हणणार? त्यांनी कागदाची घडी करून खिशात टाकली.

"काका, घरी कशावर वाजवता?" बाईंनी हळूच विचारलं.

साहेबांनी पिशवीतून डबी काढून दिली. बाईंनी हेडफोन लावून ऐकलं आणि डबीवरची एक बारीक चकती फिरवली. "आता वाजवा."

साहेबांच्या कानात तीच लोखंडी खुर्ची ओरडली.

"गाण्यातला गिटारवाला मी बंद केलाय," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं तो वाजवत होता, काका. तुमचा आवाज पार खाली होता."

साहेबांना फार वाईट वाटलं. लेकीच्या शेजारची जागा गेलीच म्हणायची. पण मुळातला खोडकर मेकॅनिक काही गप्प बसेना. "मग हे बोट इथून जरा वर घेतलं तर काय होतं?" त्यांनी विचारलं. उरलेले चार दिवस ते पहिल्या धड्यापासून शिकले आणि शेवटी दोन सूर धड वाजू लागले.

पाचव्या दिवशी घरी जेवताना त्यांनी सगळं सांगून टाकलं. दोघी शांतपणे जेवत राहिल्या.

"तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"अहो, हेडफोन तुमच्या कानांवर होते," बायको म्हणाली. "तारा आम्हाला ऐकू येतच होत्या की."

"मग दोन वर्षं बोलली का नाहीस?"

"कामावरून दमून आलेला माणूस तासभर इतका खुशीत दिसायचा. म्हटलं, असू दे. बँडचं काढलंत तेव्हा मात्र ही म्हणाली, आता शिबिरात घालू या."

साहेबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे बँडमध्ये आता मला काही जागा नाही."

"आहे ना, बाबा," मुलगी म्हणाली. मोबाइल तिने चक्क बाजूला ठेवला होता. "बँडला तुमची खूप गरज आहे."

साहेब ताठ झाले.

"आमची प्रॅक्टिस पाचव्या मजल्यावर असते आणि तिथली लिफ्ट सहा महिने बंद आहे. ड्रम जिन्याने चढवून आमचे खांदे गेले. तुम्ही आलात तर सगळे तुमचं नाव काढतील."

साहेबांनी क्षणभर रागवायचा प्रयत्न केला, पण तो काही साधला नाही. त्यांनी खुर्ची लेकीच्या जवळ सरकवली.

"अडकते नेमकी कुठे? दार लागत नाही, की दोन मजल्यांच्या मधेच थांबते?"