सकाळी कोणतं चॅनेल बघता?

"न्यायाधीश सकाळी कोणतं बातम्यांचं चॅनेल बघतात तेवढं मला कळू दे, दुपारचा निकाल मी आधीच सांगतो!" राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

"मग विचारा की त्यांनाच," ती म्हणाली.

सरांनी खरंच विचारलं! आणि तेही शास्त्रशुद्ध पद्धतीने. सर्वेक्षणात नाव सांगायचं नाही, हेतू सांगायचा नाही, आवाजात भावना आणायची नाही. नाहीतर उत्तरं बिघडतात, हे ते वर्गात घसा फोडून शिकवत. कॉलेजचा नंबर दिसू नये म्हणून फोनसुद्धा झेरॉक्सच्या दुकानातून केला.

"कोण बोलतंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ते सांगता येणार नाही," सर थंडगार आवाजात म्हणाले. "सकाळी घरात कोण कोण असतं?"

"म्हणजे?"

"टीव्हीसमोर तुम्ही नेमके कुठे बसता? आणि निकाल देताना ह्या सगळ्याचा विचार करता ना?"

फोन आदळला. सर हळहळले. चॅनेलचा प्रश्न राहूनच गेला होता!

संध्याकाळी त्यांनी टीव्ही लावला. 'न्यायाधीशांना धमकी!' सरकारची री ओढणारं चॅनेल ओरडत होतं, "हा विरोधकांचा गुंड!" सरकारला झोडपणारं त्याहून मोठ्याने ओरडत होतं, "हा सरकारचाच गुंड!" एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं. दोघंही फोनवर रेकॉर्ड झालेला तो थंडगार आवाज पुन्हा पुन्हा ऐकवत होते.

बायको धावत बाहेर आली. "अहो, हे तर तुम्ही!"

"हळू बोल! शेजारी ऐकतील!"

"त्यांच्याकडेही तुमचाच आवाज चाललाय!"

नोकरी, अब्रू, पेन्शन, सगळं बेड्या घालून सरांच्या डोळ्यांसमोरून जाऊ लागलं. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की सर दिवा मालवत! शेवटी बायकोनेच चपला पुढे सरकवल्या. "पोलीस यायच्या आत स्वतः जा आणि सांगून टाका."

न्यायाधीशांच्या दिवाणखान्यात सर हात जोडून उभे राहिले. "साहेब, तो फोन... मी केला होता."

न्यायाधीशांनी त्यांची काडीसारखी मूर्ती चष्म्यापासून चपलांपर्यंत न्याहाळली. "तुम्ही? अहो, तो विरोधकांचा गुंड होता. चांगला सहा फुटी! सगळ्या जगाला माहीत आहे."

"साहेब, पण आवाज माझाच..."

"प्रसिद्धीसाठी लोक काय वाट्टेल ते कबूल करतात! या आता."

सर धापा टाकत घरी आले.

"काय झालं?"

"सुटलो. शिवाय ते कोणतं चॅनेल बघतात तेही कळलं!"

"मग छापा की!"

सरांनी उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला. "छापलं तर लोक पहिल्यांदा काय विचारतील?" ते कुजबुजले. "माहिती मिळवली कशी?"