नारिंगी वायरीचा नेम

इंदुमतीबाई परुळेकरांचा नेम कुडाळात असताना कधी चुकला नव्हता. पहाटे उठायचं, आंघोळ, दिवा, एक माळ जप, आणि मग पाण्याचा घोट घेण्याआधी कुणाचं तरी एखादं काम गुपचूप करून यायचं. ज्याचं केलं त्याला ते कळता कामा नये, ही त्यातली मुख्य अट. कुडाळात हे सोपं होतं. कोपऱ्यावरचा नळ कुणीतरी वाहता सोडलेला असे, तो बंद करायचा. वाटेतला काटा उचलायचा. शेजारच्या दोरीवरून पडलेला टॉवेल झटकून पुन्हा चिमट्याला लावायचा. मग घरी येऊन चहा. त्या चहाची गोडी वेगळीच असे.

लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडात सास्काटूनला आल्यापासून मात्र चहाची पंचाईत झाली. जानेवारीची पहाट, बाहेर उणे पस्तीस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नळ घराच्या आत, काटे बर्फाच्या खाली, आणि टॉवेल बाहेर वाळत घालायचा तर त्याची फळी होऊन येणार. बाई खिडकीशी उभ्या राहून कुणी अडलेलं दिसतंय का ते बघत बसायच्या.

"आई, साडेसात वाजले, चहा नाही घेतलास अजून?" शाल्मली विचारायची. तिला आठवा महिना लागला होता. जावई उत्तरेकडच्या खाणीवर दोन आठवड्यांच्या पाळीला गेलेले.

"घेते गं थोड्या वेळानं," बाई म्हणायच्या. भूक नाही, असं म्हणता येत नव्हतं. खोटं बोलायचं नाही हा त्यांचा दुसरा नेम होता, आणि तो पहिल्याहून जुना.

एका सोमवारी देवाला दया आली. शेजारी ओरेस्ट नावाचे एकोणऐंशी वर्षांचे एकटे गृहस्थ राहत. दोन्ही घरांच्या मधे एकच गाडीवाट होती आणि तिथे त्यांची जुनी निळी पिकअप उभी असे. त्या पिकअपच्या नाकातून एक नारिंगी वायर निघून त्यांच्या घराच्या भिंतीवरल्या प्लगमध्ये गेलेली बाईंना दिसली. त्यांना लगेच उमगलं. शाल्मलीचा फोन रात्रभर असाच वायरीला लटकलेला असतो. सकाळी बाईच तो काढून ठेवतात, नाहीतर बॅटरी फुगते. म्हाताऱ्या माणसाच्या राहिलं असेल लक्षातून. केवढी वीज वाया जात असेल!

जावयाचा घोट्यापर्यंत येणारा कोट घालून बाई बाहेर पडल्या. नाकातला श्वास नाकातच गोठला. त्यांनी प्लग अलगद उपटला, वायरीचे नीट वेढे केले आणि प्लगशेजारच्या खुंटीला अडकवले. दिवसा ती वायर तशीच अडकवलेली असे, हे त्यांनी पाहिलं होतं. मग अट आठवून झाडूने आपली पावलं पुसत पुसत, पाठमोऱ्या चालत त्या दारापर्यंत आल्या. त्या दिवशीचा चहा कुडाळच्या चहासारखा लागला.

आठ वाजता ओरेस्ट बाहेर आले. गावाकडच्या जुन्या मित्रांबरोबर कॅफेत कॉफी प्यायला ते रोज या वेळी निघत. पिकअप घर्र करून खोकली आणि गप्प झाली. पुन्हा घर्र, पुन्हा गप्प. ओरेस्ट युक्रेनियनमध्ये काहीतरी बोलले. ते स्तोत्र नसावं. अर्ध्या तासाने त्यांची मुलगी लारिसा आपली गाडी घेऊन आली, नाकाला नाक लावून तिने दोन्ही बॅटऱ्या वायरींनी जोडल्या, आणि पिकअप एकदाची सुरू झाली.

मंगळवारीही बाईंनी वायर काढली आणि मंगळवारीही लारिसा आली. बाईंना भरून आलं. एरवी ही मुलगी रविवारीच फिरकायची. आता रोज बापाला भेटते! आपल्या नेमाचंच फळ हे, असं त्यांना मनातल्या मनात वाटून गेलं आणि अहंकार नको म्हणून त्यांनी आणखी एक माळ ओढली.

बुधवारी एकादशी होती आणि पारा उणे एक्केचाळीस. शाळेच्या बसगाड्यासुद्धा बंद. शाल्मलीने कोट कपाटात घालून कुलूप लावलं. "आज उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर बघ आई, तुझ्यासाठी अँब्युलन्स बोलवायची माझी ताकद नाही." मग बाईंनी खिडकी बोटभर उघडून चिमण्यांना मूठभर तांदूळ टाकले आणि तेवढ्यावर नेम भागवला. लारिसा त्या दिवशीही आली. काचेआडून आवाज काही येत नव्हता, पण बापलेक हातवारे करून भांडताना दिसले. ओरेस्टनी टोपी काढून बर्फावर आपटली. गुरुवारी कुलूप निघालं, कोट निघाला आणि वायरही निघाली.

त्याच सकाळी बाई खिडकीजवळ भाकरी थापत होत्या. शाल्मली पोटावर हात ठेवून बाहेर बघत म्हणाली, "आजपण बंद पडली वाटतं ओरेस्टची गाडी. बिचारे. वायर लावायला विसरतात म्हणे."

"चार्जिंगची वायर?"

"चार्जिंग कसलं! पेट्रोलची गाडी आहे ती. वायर इंजिन गरम ठेवायला असते. रात्रभर लावून ठेवावीच लागते, नाहीतर या थंडीत आतलं तेल घट्ट होऊन बसतं. गाडीच उठत नाही."

भाकरी तव्यावर जायची ती हातातच राहिली.

"आणि ती कुणी काढून ठेवली, तर?"

"कुणी म्हणजे कोण? असं कोण करेल? उणे पस्तीसमध्ये दुसऱ्याची गाडी बंद पाडायची म्हणजे माणूस मारण्यातला प्रकार आहे तो. इथे सरळ पोलीस बोलावतात."

"बाहेरून आलेलं माणूस असलं तर? पाहुणं?"

"मग काय, व्हिसा गेलाच. आई, भाकरी फाटली बघ."

बाईंनी फाटलेली भाकरी गोळा करून पुन्हा थापायला घेतली. त्यांच्या मुक्कामाची मुदत वाढवून मागण्याचा अर्ज अजून सरकारदरबारी पडून होता. बाळ महिन्यावर आलेलं. आपल्याला विमानात बसवून परत धाडलं तर या पोरीचं करणार कोण? पहिली आंघोळ कोण घालणार? रस्त्यावरून एक पांढरी गाडी गेली तरी बाई पडद्यामागे सरकू लागल्या. ती टपालाची होती. दुसरी भाजीची.

दुपारी दारावरची घंटा वाजली तेव्हा बाईंच्या हातून माळच पडली. दारात लारिसा उभी होती. पन्नाशीची, उंच, रडून नाक लाल झालेली.

"मिसेस परुळेकर, एक मदत हवी होती. पप्पा रात्री सांगतात वायर लावली, आणि सकाळी बघावं तर वायर खुंटीवर, अगदी व्यवस्थित गुंडाळलेली! सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, ओळीनं चार दिवस. काल त्यांनी आठवण म्हणून बोटाला दोरा बांधला होता. दोरा आहे बोटाला, वायर आहे खुंटीला. त्यांचं डोकं आता साथ देत नाही. उद्या दहाला ज्येष्ठांच्या निवासातली बाई येतेय, त्यांना तपासायला."

"निवास म्हणजे?" बाईंनी आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"तिथे जेवण, औषधं, सगळं बघतात. घर विकायचं, पिकअप विकायची. मला काय हौस आहे? पण ते ऐकतच नाहीत. तुम्ही पहाटे उठता. तुमच्या खिडकीतला दिवा दिसतो ना. तुम्ही उद्या येऊन फक्त एवढंच सांगाल का, की वायर लावलेली नसायची? शाल्मली म्हणते, तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत."

पोलिसांनी चोर पकडायला चोरालाच बोलवावं, तशातली गत झाली. बाईंनी मान हलवली. ती होकारार्थी होती की घाबरून हलली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी पहाटे त्या दिव्यासमोर बसल्या, पण जप पुढे सरकेना. गप्प राहावं तर म्हाताऱ्याचं घर जातं. बोलावं तर लेक एकटी पडते. त्यात गुपचूप केलेल्या कामाची वाच्यता करायची नाही ही अट. पण जे केलं ते काम होतं की पाप, हेच कळत नव्हतं, मग अट तरी लागू होते कशी? शेवटी त्या उठल्या. हातपिशवीत लोकरी मोज्यांचे दोन जोड घातले, जपमाळ घातली, पासपोर्ट घातला, रक्तदाबाच्या गोळ्या घातल्या. तुरुंगात काय काय लागतं त्यांना माहीत नव्हतं, म्हणून डिंकाच्या लाडवांचा डबाही घेतला.

"लाडू त्यांना?" शाल्मलीने विचारलं.

"बघू कुणाला लागतात ते," बाई म्हणाल्या, आणि खोटं बोलल्या नाहीत.

ओरेस्टच्या स्वयंपाकघरात ऊब होती आणि खसखशीच्या रोलचा वास. ओरेस्टनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वरचं बटणसुद्धा लावलं होतं, शाळेत पहिल्या दिवशी निघालेल्या मुलासारखं. बोटाला दोरा तसाच होता. समोर निवासाची बाई हातात कागद घेऊन गोड हसत होती.

"आज वार कोणता, ओरेस्ट?"

"ज्या वारी मला घराबाहेर काढताय तो. शुक्रवार."

"पप्पा!"

"काय पप्पा? बरोबर आहे की नाही उत्तर?" मग त्यांचा आवाज एकदम उतरला. इंदुमतीबाईंकडे बघून ते म्हणाले, "शेजारीणबाई, खरं सांगू? मला वायर लावलेली आठवते. प्लगचा खट् आवाजसुद्धा आठवतो. आणि सकाळी बघतो तर खुंटीवर. आता मी शेगडी दहादा बघतो, दार दहादा बघतो. चोराची भीती परवडली हो. मला माझीच भीती वाटायला लागलीय."

इंदुमतीबाई उभ्या राहिल्या. त्यांनी पिशवीतून पासपोर्ट काढून लारिसापुढे ठेवला.

"हे काय?"

"जप्त करा. ती वायर मी काढत होते."

किटली तेवढी शिट्टी घालत होती.

"तुम्ही?" लारिसा म्हणाली. "का?"

"फोनसारखी चार्ज होते असं वाटलं. वीज वाया जाते म्हणून काढायची, गुंडाळायची, खुंटीला लावायची. मागून पावलंपण मीच झाडायची. पोलीस बोलवायचे तर बोलवा. पण माझी लेक बाळंत होईपर्यंत मला इथल्याच तुरुंगात ठेवा, परत नका पाठवू. मोजे आणलेत मी."

ओरेस्ट बाईंकडे बघत राहिले. मग खुर्ची मागे पडली, ते उठले, बाईंचे दोन्ही हात धरून गदागदा हलवू लागले. डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून हसू, दोन्ही एकदम.

"लारिसा, ऐकलंस? मी नाही गं! ही बाई वेडी आहे! मी नाही, ही!"

"हो हो," इंदुमतीबाई मनापासून म्हणाल्या, "मीच."

लारिसाही हसायला लागली आणि मधेच रडायला. बापाच्या बोटाचा दोरा सोडता सोडता तिला ती गाठ सुटेना. निवासाच्या बाईने मात्र पेन उचललं. कागदावर काहीतरी लिहायचं होतंच.

"म्हणजे चारही दिवस तुम्हीच काढलीत? सोमवार ते गुरुवार?"

बाईंच्या डोळ्यांपुढे बुधवार उभा राहिला. एकादशी. कुलपातला कोट. चिमण्यांचे तांदूळ. बोटभर उघडलेली खिडकी.

त्यांनी वर पाहिलं. ओरेस्ट हसत होते, पण हसू ओठांवर थबकलं होतं. हातातला बाईंचा हात त्यांनी सोडला नव्हता, आणि त्यांची पकड किंचित घट्ट झाली होती. त्यांनाही कुठला तरी दिवस आठवत होता की आठवत नव्हता, देव जाणे.

बासष्ट वर्षांत न बोललेली गोष्ट बोलायला इंदुमतीबाईंना एका श्वासापेक्षा जास्त वेळ लागला नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "चारही दिवस."

पेनाने कागदावर आडवी रेघ मारली. पोलीस कुणीच बोलावले नाहीत. लाडवांचा डबा रिकामा झाला आणि परत जाताना त्यात खसखशीचा रोल आला. पासपोर्ट टेबलावर विसरला होता, तो ओरेस्टनी स्वतः आणून दिला. "बघा," ते दारातून ओरडले, "विसरतं कोण, बघा!"

पुढच्या मंगळवारी पहाटे इंदुमतीबाई खिडकीशी उभ्या होत्या. पिकअप होती, खुंटी होती, आणि नारिंगी वायर खुंटीवर वेटोळं घालून स्वस्थ झोपलेली होती.

बाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोट चढवला. वायर खुंटीवरून काढली, प्लगमध्ये घातली, खट् असा आवाज येईपर्यंत दाबली. मग झाडूने पावलं पुसत पाठमोऱ्या घरी आल्या आणि जपाला बसल्या.

आठ वाजता पिकअप पहिल्याच फटक्याला सुरू झाली. ओरेस्टनी काच खाली करून त्यांच्या खिडकीकडे बघत दोनदा ऐटीत हॉर्न वाजवला.

"आई, ओरेस्ट तुला हात करतायत," शाल्मली म्हणाली. "आणि आज चहा का थंड केलास? नेम झाला ना?"

इंदुमतीबाईंनी मान वर केली नाही. नेम झाला होता. पण बुधवारच्या त्या खोट्या 'हो'ची माळ अजून चालूच होती.