भावनिक वस्तूंचा अपवाद

निवृत्तीनंतर चॅम्पियनबाईंना पुनर्वापर खात्याने चक्रीय अर्थव्यवस्थेचा चेहरा म्हणून नेमलं. पूर्वी त्या लांब पल्ल्याच्या शर्यती गाजवायच्या, आता सभागृहं गाजवू लागल्या. "घरात पडून असलेली वस्तू म्हणजे अडवून ठेवलेला माल. वापरत नसाल तर फिरती करा," असं त्या ठणकावून सांगत. लोक टाळ्या पिटत आणि जाताना प्रत्येकी एक नवी कापडी पिशवी घेऊन जात. बाई हे सगळं मनापासून बोलत होत्या, तिथेच सगळी गोची झाली.

कारण खात्यानेही ते मनावर घेतलं. वर्षभर न वापरलेली वस्तू जमा करावी, असा नियम निघाला, आणि शुभारंभाला खात्याचे साहेब थेट बाईंच्याच घरी येऊन बसले. चहा पिता पिता त्यांनी भिंतीवरच्या सुवर्णपदकाकडे पाहिलं.

"हे शेवटचं कधी वापरलंत?"

"पदक कोण वापरतं, साहेब?"

"म्हणजे पडून आहे."

बाईंनी दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. पदक बाईंच्या नावावर असलं तरी खरं ते होतं आईचं. पोरगी पहाटे धावायची, तेव्हा मागून सायकल दामटत "पाय उचल गं" म्हणून ओरडायला हीच माउली असायची.

"मी रोज पुसते की ते," आई म्हणाली.

"ती देखभाल झाली, आजी. वापर नव्हे."

दुसऱ्या दिवसापासून बाई पदक गळ्यात घालून भाजी आणायला जाऊ लागल्या. खात्याने हरकत घेतली: पदक गळ्यात घालण्यापूर्वी शर्यत जिंकणे आवश्यक. बाईंचे गुडघे तर जिना चढतानाही कुरकुरत होते.

एव्हाना शहरभर बोंबाबोंब झाली होती. नियमाला कुणाचाच विरोध नव्हता, फक्त तो आपल्या घराला लागू नको होता. खातं नमलं आणि भावनिक वस्तूंना अपवाद मिळाला. मग काय विचारता! बंद मिक्सर, एका कानाचे हेडफोन, मोबाईलची रिकामी खोकी, सगळ्यांत लोकांचा जीव अडकलेला निघाला. एक गृहस्थ तर फुटक्या बादलीसाठी ढसाढसा रडले.

बाईही अपवाद मागायला गेल्या.

"तुम्हाला कसा देणार?" साहेब कळवळून म्हणाले. "तुम्ही योजनेचा चेहरा. तुम्हीच भावनिक झालात तर लोकांनी कुणाकडे बघायचं?"

"मग चेहरा बदला."

"पोस्टर छापून झालीत हो."

अख्ख्या शहरातून एकच वस्तू जमा झाली. खात्याने ती वितळवून सन्मानचिन्ह बनवलं, आणि योजना यशस्वी केल्याबद्दल ते साहेबांना बाईंच्याच हस्ते देण्यात आलं. पहिल्या रांगेत बसलेल्या आईने लेक खाली उतरल्यावर हळूच विचारलं, "वजन तेवढंच होतं का गं?"

बाईंनी दिलेलं उत्तर आईलाही ऐकू गेलं नाही. सभागृह टाळ्यांनी दणाणत होतं, आणि त्यात सगळ्यात जोरात टाळ्या तुमच्या होत्या. साहजिकच आहे म्हणा. तुमचा अडगळीने भरलेला माळा वाचला होता.